धुळाक्षरांपासून खडूच्या रस्त्यापर्यंत

दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढून तिची पूजा करायची पद्धत इंदूरच्या मराठी घरांतून अजून गेलेली नाही. पाटी मात्र गेली. बऱ्याच घरांत ती वर्षातून एकदा माळ्यावरून खाली येते, हळदकुंकू लावून घेते आणि पुन्हा वर जाते. काही घरांत तीही उरलेली नाही, तिथे सरस्वती वहीच्या पानावर बसते. पण हाच काळा पृष्ठभाग अलीकडे वेगळ्या वाटेने घरात परत आला आहे. लहान मुलांसाठी बुटके टेबल करायचे, त्याचा वरचा भाग फळ्यासारखा काळा रंगवायचा आणि खडू मुलाच्या हाती द्यायचा. मूल त्यावर रस्ते काढते, चौक काढते, पूल काढते आणि बोटाएवढ्या मोटारी त्यावरून फिरवते. असे टेबल दुकानात तयार मिळते, सुताराकडून करून घेता येते, घरीही रंगवता येते. ते सजवावे कसे, हा प्रश्न तरुण आईबाप एकमेकांना विचारताना दिसतात. त्याचे माझ्या परीने उत्तर पुढे देणारच आहे. पण या टेबलाची वंशावळ मोठी आहे, तिच्या बऱ्याच शाखा आपल्याच मुलखातल्या आहेत, आणि त्यातली एक शाखा आपण सहसा सांगत नाही. म्हणून आधी ती.

सुरुवात धुळीपासून करावी लागते. अंकगणिताला संस्कृतात 'पाटीगणित' म्हणत. श्रीधराचार्यांच्या ग्रंथाचे नावच ते आहे. पाटी म्हणजे फळी. तिच्यावर धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने आकडे मांडायचे, पुसायचे, पुन्हा मांडायचे. म्हणून या कामाला 'धूलिकर्म' असाही शब्द होता. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० च्या सुमाराची. तिच्यातली गणिते सोडवणारे विद्यार्थी कागदाच्या वह्या घेऊन बसलेले नव्हते, हे आपण विसरतो. चाळीसगावजवळच्या पाटणे गावी भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. तिथला १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. दगडावर कोरलेला तो लेख राहिला, आणि त्या मठात धुळीवर मांडलेली गणिते साहजिकच राहिली नाहीत.

आपले आकडे अरबांकडे गेले तेव्हा त्यांच्याबरोबर धूळही गेली. अरबी भाषेत या पद्धतीला 'हिसाब अल-गुबार' म्हणत. गुबार म्हणजे धूळ. हिंदीत आपण हा शब्द रोज ऐकतो. दमास्कसमध्ये दहाव्या शतकात अल-उक्लिदिसी नावाच्या गणितीने धूळपाटी सोडून शाईने कागदावर हिशेब कसे करावेत ते लिहून ठेवले. त्याची एक तक्रार अशी होती की, धूळपाटी घेऊन बसले की माणूस रस्त्यावर भविष्य सांगून पोट भरणाऱ्यांपैकी वाटतो. साधनालाही प्रतिष्ठा-अप्रतिष्ठा चिकटते, ही गोष्ट हजार वर्षांपूर्वीही होती म्हणायची.

आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत मुलांचे शिक्षण धुळाक्षरांनीच सुरू होई. फळीवर बारीक धूळ पसरायची, तिच्यावर अक्षर गिरवायचे आणि फळी हलवली की अक्षर गेले. चूक झाली तर तिचा पुरावा मागे राहत नसे. लाल शाईची खूण नाही, खाडाखोड नाही. पंतोजींच्या छडीच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. धुळीच्या या दिलदारपणाबद्दल कोणी फारसे बोलत नाही.

याच धुळीने पुढे समुद्रही ओलांडला. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री १७८९ मध्ये मद्रासच्या एग्मोर भागातल्या सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढून शिकत आहेत, हे त्याच्या पाहण्यात आले. त्याने आपल्या शिक्षकांना तसे करायला सांगितले, तर त्यांनी दाद दिली नाही. तेव्हा त्याने आठ वर्षांच्या एका विद्यार्थ्यालाच खालच्या वर्गाला वाळूत अक्षरे शिकवायला बसवले, आणि ते जमले. मोठ्या मुलाने धाकट्याला शिकवावे, ही पद्धत त्यातून उभी राहिली. १७९७ मध्ये बेलने तिच्यावर लंडनमध्ये पुस्तिका छापली आणि ती 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली. तिकडे जोसेफ लँकेस्टरनेही गरिबांच्या मुलांसाठी तशाच शाळा काढल्या. अगदी नवख्या मुलांना वाळूचे टेबल आणि त्यांच्या पुढच्यांना दगडी पाटी, अशी त्याची मांडणी होती. टेबल, त्यावर वाळू आणि वाळूत बोट. आजच्या टेबलाचे हे पहिले ओळखू येईल असे रूप, आणि त्यातली वाळू मद्रासच्या एका देशी शाळेतून तिथवर पोहोचली होती.

पुढे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना तिथल्या शिक्षणसंस्थेने लँकेस्टरचीच पद्धत आपल्या मराठी शाळांत आणली. म्हणजे जे आपल्याकडून गेले, ते विलायती शिक्का लावून आपल्याकडे परत आले. फरक एवढाच की जाताना धूळ होती, येताना दगडाची पाटी झाली. लाकडी चौकट, वरच्या बाजूला तारेत ओवलेले मणी, ओला फडका, फडका नसला तर थुंकी आणि शर्टाची बाही. आपल्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना हे वर्णन करून सांगायला नको.

फळ्याची हकीकत थोडी निराळी आहे. वर्गात भिंतीवर मोठा काळा फळा लावून शिकवण्याचे श्रेय बहुधा एडिंबरोच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक जेम्स पिलन्स यांना दिले जाते. १८१० ते १८२० ही त्यांच्या मुख्याध्यापकीची वर्षे. मला त्यात आवडते ते हे, की त्यांचा फळा भूगोलासाठी होता. रंगीत खडूंनी ते डोंगर, नद्या आणि गावे यांचा सांगाडा-नकाशा फळ्यावर काढीत आणि मुलांकडून भरून घेत. फळ्यावर गणिताची उदाहरणे आणि 'गोंगाट करणाऱ्यांची नावे' पुढे आली असतील. रंगीत खडूने नदी काढणे मात्र पहिल्यापासून होते. टेबलावर निळ्या खडूने नर्मदा काढणारे मूल काही नवे करत नाही.

आणि मुलांच्या टेबलावर मुद्दाम रेघा आखण्याचे काम केले जर्मनीच्या फ्रेडरिक फ्रोबेलने. बाड ब्लांकेनबुर्ग या गावी १८३७ मध्ये त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' म्हणजे बालोद्यान हे नाव दिले. त्याच्या परंपरेतल्या बालवर्गांत मुलांच्या टेबलावर चौकटी आखलेल्या असत. त्या चौकटींना बेतूनच लाकडी ठोकळे केलेले असत. खेळाच्या टेबलावर आधीच थोडे काही काढून ठेवावे आणि बाकीचे मुलावर सोडावे, ही कल्पना तिथली. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला बालशिक्षणाचे काम उभे केले. ताराबाईंनी पुढे बोर्डी आणि कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह ते आदिवासी वाड्यांपर्यंत नेले. तिथे परदेशी महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, गोटे, पाने, काड्या यांचीच साधने झाली. हा भाग बहुतेक वाचकांना ठाऊक असेल, म्हणून त्यात अधिक शिरत नाही.

ज्या शाखेबद्दल आपण बोलत नाही, ती आपल्या फार जवळची आहे. रतलाम-जावरा ओलांडून पुढे गेले की मंदसौर लागते. इंदूरच्या मराठी माणसाला हे नाव इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक असते. महिदपूरची लढाई २१ डिसेंबर १८१७ ची. त्यानंतर ६ जानेवारी १८१८ रोजी होळकर आणि इंग्रज यांच्यात तह झाला तो मंदसौरला. होळकरांच्या बाजूने तो केला तात्या जोग, म्हणजे विठ्ठल महादेव किबे यांनी. त्यानंतर होळकरांची राजधानी इंदुरात स्थिरावली, आणि आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज त्या राजधानीच्या मागेमागे इथे आले. मंदसौर स्वतः शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होते. म्हणजे इंदूर-ग्वाल्हेर दोन्हीकडच्या मराठी मंडळींचा त्या गावाशी संबंध आहे. पण तो केवळ तहाचा नाही. आपण पाटीवर 'ग म भ न' ज्या पेन्सिलीने गिरवला, ती पेन्सिल बहुतेक मंदसौरची होती.

पाटीचा दगड म्हटला की आंध्रातील मार्कापूर आणि पेन्सिल म्हटली की मंदसौर, अशी विभागणी होती. मंदसौरजवळच्या मुलतानपुरा आणि आसपासच्या गावांच्या जमिनीत मऊ, थराथराचा दगड सापडतो. तो काढायचा, त्याच्या चिपा करायच्या आणि विजेवर फिरणाऱ्या गोल करवतीवर चिरून बारीक कांड्या पाडायच्या. कांड्या खोक्यांत भरल्या की देशभरच्या शाळांकडे रवाना. काम एवढेच. पण करवत दगडात शिरली की धूळ उडते, आणि या दगडात सिलिका असते. दिसते ती जाड धूळ नाकात, घशात अडकते आणि शिंकेबरोबर, थुंकीबरोबर बाहेर पडते. न दिसणारी बारीक धूळ थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जाते आणि तिथेच राहते. शरीर तिच्याभोवती गाठी बांधत जाते. फुफ्फुस घट्ट होते, श्वास पुरेना होतो. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. त्याच्या जोडीने क्षय येतो, आणि कित्येकदा आधी क्षयाचेच औषध सुरू होते.

१९८० च्या दशकात अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने मंदसौरच्या पेन्सिल कामगारांची तपासणी केली. पाचशेहून अधिक कामगार तपासले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या छातीच्या क्ष-किरण चित्रांत सिलिकोसिस दिसला. त्यांत तरुण माणसे होती. मरण पावलेल्यांपैकी अनेकांनी चाळिशीही पाहिली नाही. मध्य प्रदेश शासनाने १९८२ मध्ये या कामगारांसाठी कल्याण निधीचा स्वतंत्र कायदा केला. एका राज्याने पाटीवरच्या पेन्सिलीच्या कामगारांपुरता वेगळा कायदा करावा, यावरून प्रश्न केवढा होता ते समजते. आणि १९८६ च्या बालमजुरी कायद्याच्या परिशिष्टात, मुलांना ज्या कामांवर लावायला बंदी केली त्या यादीत, पाटीच्या पेन्सिली तयार करणे हे काम नाव घेऊन नोंदवले आहे. कंसात 'पॅकिंगसह' असे शब्द आहेत. कायद्याच्या मसुद्यात असे शब्द उगाच येत नाहीत. खोक्यांत पेन्सिली भरायला कोणाचे तरी लहान हात लागत होते. ते हात ज्या शाळकरी मुलांसाठी पेन्सिली भरत होते, त्यांच्याच वयाचे.

माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी ती पेन्सिल खाल्लीही आहे. वर्गात पाटीआड धरून कुरतडायची. आई रागावायची ती पोटात खडे होतील म्हणून. ती करताना दुसऱ्या कोणाच्या छातीत काय होत असेल, हे ना आईला ठाऊक होते ना आम्हाला. पाटीच्या इतिहासावर लिहिताना बेल येतो, पिलन्स येतो, फ्रोबेल येतो. मंदसौरला सहसा एक ओळही मिळत नाही. निदान इंदूर-ग्वाल्हेरच्या माणसाने लिहिताना ती गाळू नये, असे मला वाटते.

पाटी वह्यांमुळे मागे पडली, पण फळा टिकला. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर १९८७ मध्ये 'ऑपरेशन ब्लॅकबोर्ड' सुरू झाले. महाराष्ट्रात ते 'खडू-फळा' नावाने ओळखले गेले. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक साहित्य द्यायचे, ही योजना. नाव फळ्याचे असले तरी साहित्याच्या यादीत खेळणीही होती. सरकारी यादीत फळा आणि खेळणे एकाच कागदावर आले, याचे एक सरकारी नोकर म्हणून मला कौतुक वाटते.

आता मोटारी. मुलांच्या हातातली गाडी लाकडाची होती तेव्हा ती सावंतवाडीची, किंवा आमच्या बाजूला नर्मदेकाठच्या बुधनीची, लाखेच्या रंगात घोटलेली. ओतीव धातूच्या छोट्या मोटारींची चाल विलायतेत पसरली. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३४ मध्ये आपल्या छोट्या मोटारींना 'डिंकी टॉइज' नाव दिले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपल्याकडे रस्त्यांचे नियम ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण माझ्यासारख्याला हे वर्ष पाठ करायला सोपे जाते. डिंकीचे काही जुने साचे पुढे कलकत्त्याला आले आणि तिथून 'निकी टॉइज' नावाने गाड्या निघाल्या.

त्याहून लहान गाडी आली १९५३ मध्ये, लंडनच्या लेस्नी कंपनीची. कंपनीतले जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत म्हणे काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे आणायला परवानगी होती. वडिलांनी तिला काड्यापेटीत बसेल असे एक यंत्र करून दिले. मैत्रिणींनाही तसेच हवे झाले आणि 'मॅचबॉक्स' मालिका जन्माला आली. या मालिकेतला पहिला क्रमांक कोणत्या झोकदार मोटारीचा नाही. तो आहे रोड रोलरचा! रस्ता आधी, मोटार नंतर, हा क्रम निदान एका खेळण्यांच्या कंपनीने पाळला. १९६८ मध्ये अमेरिकेतून 'हॉट व्हील्स' आल्या आणि वेगाचे युग सुरू झाले. त्या गाड्यांना तयार नारिंगी पट्टी मिळू लागली. गाडी सोडली की ती सुसाट जाते आणि मूल बघत राहते.

मी लोकनिर्माण विभागात उपयंत्री आहे, पदविका स्थापत्य अभियांत्रिकीची. घरी मुलासाठी असे टेबल करताना माझ्या हाताने आधी पट्टी आणि गणकयंत्र उचलले, हे ओघानेच आले. अशा छोट्या गाड्या साधारण एकास चौसष्ट या प्रमाणात असतात. सात सेंटिमीटरची गाडी म्हणजे साडेचार मीटरची मोटार. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे एकपदरी रस्ता ३.७५ मीटर रुंद. तो टेबलावर जवळपास सहा सेंटिमीटर होतो. दुपदरी सात मीटरचा, म्हणजे अकरा सेंटिमीटर. पायी रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्या अर्धा-अर्धा मीटर रुंद, त्या आठ मिलिमीटर. इथवर छान जमते. पण दोन फूट बाय तीन फुटांचे टेबल या प्रमाणात सुमारे ३९ मीटर बाय ५८ मीटर भरते, म्हणजे फार तर एक चौक. आमच्या धाकट्याला चौक नको होता. त्याला मुंबई-आग्रा रस्ता हवा होता, आजोळी नाशिकला जातो तो. इंदूर ते नाशिक अंतर सुमारे चारशे किलोमीटर. या प्रमाणात टेबल सव्वासहा किलोमीटर लांब करावे लागले असते. गणकयंत्र ठेवून दिले.

टेबल करायला सोपे आहे. जुने बुटके टेबल असेल तर वरचा भाग पॉलिशपेपरने घासून घ्यावा, नसेल तर १२ मिलिमीटरचे प्लायवूड घ्यावे. प्रायमरचा एक हात, तो वाळल्यावर फळ्याच्या काळ्या रंगाचे दोन किंवा तीन हात. हा रंग चकचकीत नसतो आणि बोटाला किंचित खरखरीत लागतो. त्या खरखरीमुळेच खडू झिजतो आणि रेघ उमटते. चकचकीत ऑइल पेंटवर खडू घसरतो. रंग पुरता वाळला की खडू आडवा धरून सगळ्या टेबलावर घासावा आणि पुसून टाकावा. हे केले नाही तर पहिल्या चित्राची सावली कायमची राहते. पूर्वी खेड्यांतले मास्तर फळा काळा करायला सेल फोडून आतली काळी पूड वापरीत. मुलांच्या टेबलाला ते मुळीच करू नये. कडेला बोटभर उंचीची लाकडी पट्टी ठोकली तर गाड्या खाली पडत नाहीत.

यानंतर सजावटीचा मुख्य प्रश्न येतो, आणि इथे माझे मत बाजाराच्या विरुद्ध आहे. रस्ते पक्क्या रंगाने रंगवून द्यायचे, किंवा छापील शहराची चिकटपट्टी आणून लावायची, अशी आता पद्धत आहे. दिसते सुबक. पाहुणे आले की वाहवा करतात. पण मूल आठवड्याभरात सगळे रस्ते फिरून मोकळे होते आणि मग टेबलावर धुतलेले कपडे ठेवले जातात. धूळपाटीपासून या पृष्ठभागाचा गुण एकच, की तो पुसता येतो. तोच घालवला तर काळे टेबल कशाला करायचे? पक्क्या रंगाने काढायचेच असेल तर कडेला एक नदी काढावी, एखादा डोंगर काढावा. ज्या गोष्टी रस्त्याच्या आधीपासून तिथे असतात तेवढ्याच. फ्रोबेलच्या चौकटींसारखे थोडे आखून द्यावे, बाकी खडूवर सोडावे. खरे रस्तेही असेच होतात. आधी डोंगर-नदी असते, मग चुन्याची रेघ पडते, ती दोनदा पुसली जाते, कोणाची विहीर मध्ये येते, कोणाचे देऊळ येते आणि वळण ठरते. रस्त्याच्या मधोमध पांढरी रेघ मारायची कल्पना १९११ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या एडवर्ड हाइन्स यांनी अमलात आणली असे सांगतात. तोवर रस्ता दोन दिशांचा आहे हे कोणी रस्त्यावर लिहून ठेवलेले नव्हते. मुलाला ती रेघ स्वतः मारू द्यावी. समोरून येणारी गाडी कुठून जाईल, हा प्रश्न त्याला रेघ मारतानाच पडतो.

खडूबद्दल दोन शब्द. आपल्याकडचा साधा खडू जिप्समचा असतो, जे राजस्थानात विपुल निघते. प्लास्टर ऑफ पॅरिसही जिप्समचेच. म्हणजे मंडपातली पीओपीची मूर्ती आणि मुलाच्या हातातला खडू एकाच गोत्राचे. मंदसौरच्या दगडातल्या सिलिकेसारखा धोका जिप्समच्या भुकटीत नसतो. तरीही टेबल कोरड्या डस्टरने झटकू नये, ओल्या फडक्याने पुसावे. आमच्या घरी हा नियम का आहे, हे मुलाने विचारले तेव्हा त्याला मंदसौरची हकीकत सांगितली. त्याने दोन प्रश्न विचारले. करवतीवर पाणी का नाही ओतले, आणि ती माणसे दुसरे काम का नाही करत. पहिल्या प्रश्नात स्थापत्य आहे. दुसऱ्याचे उत्तर त्या भागातल्या कोरडवाहू जमिनीत आणि रोजच्या मजुरीत आहे, ते नऊ वर्षांच्या मुलाला जेवढे समजेल तेवढे सांगितले.

त्याच्या टेबलावर सध्या इंदूर ते धुळे एवढाच रस्ता तयार आहे. मानपूरचा घाट उतरतो, खलघाटला नर्मदा निळी, जुलवानिया, सेंधवा, बिजासनचा घाट, पळासनेर, शिरपूर, मग तापी. गावांची नावे त्याने खडूने लिहिली आहेत. शाळेत तो हिंदी आणि इंग्रजी लिहितो. इथल्या रस्त्यांवरच्या हिंदी पाट्यांत 'धुलिया' किंवा 'धुले' असते, तसेच त्याने आधी लिहिले होते. त्याच्या आजीने टेबलाजवळ बसून ते ओल्या फडक्याने पुसले आणि 'ळ' गिरवायला लावला. चार-पाच वेळा गिरवल्यावर जमला. गिरवताना गावाचे नाव इतके मोठे झाले की शिरपूरपर्यंतचा रस्ता त्याच्याखाली गेला. तिथे आता रोड रोलर उभा आहे, आणि दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली आहे.